दिवाळीनंतरची परसबाग: स्वयंपाकघरातले काय लावावे, काय लावू नये

ऑक्टोबरचा उकाडा ओसरून पहाटे गारवा जाणवू लागला की कुंडीतल्या पालेभाज्यांचा सर्वांत सोपा हंगाम सुरू होतो. बियाणे विकत आणायची फारशी गरज नाही. डब्यातले धणे-मेथ्या, कोंब फुटलेला लसूण-बटाटा आणि पुदिन्याच्या जुडीतले उरलेले देठ यांवर तीन महिने निघतात.

आधी ऊन बघावे. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीत पाच-सहा तास ऊन मिळते, उत्तरेच्या गॅलरीत जवळजवळ नाहीच. तिथे फक्त पुदिना लावावा.

कुंड्यांऐवजी रंगाची रिकामी बादली, फळांचा क्रेट किंवा तांदळाची गोणी चालते, पण तळाला भोके हवीतच. माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समान भाग घ्यावे. दहा लिटर मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी.

कोथिंबीर. सर्वाधिक तक्रारी हिच्याच: "धणे टाकले, उगवलेच नाहीत." कारणे तीन. धणे जुने किंवा भाजलेले असतात, अख्खेच पेरले जातात, किंवा पेरणी उन्हाच्या तडाख्यात होते. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून लाटण्याने हलके रगडून त्याच्या दोन डाळी कराव्यात. पीठ होऊ देऊ नये. मग बारा तास पाण्यात भिजवून, निथळून, बोटभर अंतराच्या ओळींत एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात, तोवर वरून ओले पोते झाकावे आणि कोंब दिसताच काढावे. शंका असेल तर आधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. दहाही उगवले नाहीत तर तो डबा फोडणीलाच ठेवावा. कापणी ४० दिवसांच्या आसपास होते. दर पंधरा दिवसांनी नवा क्रेट पेरला तर खंड पडत नाही.

मेथीला एवढे लाड नकोत. रात्रभर भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत वर येते आणि पंचविसाव्या दिवशी भाजी होते. जागा अगदीच कमी असेल तर उथळ ट्रेमध्ये वाळू-माती घालून दाट पेरावी आणि दहा-बारा दिवसांत मुळासकट उपटावी. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथी म्हणून छोट्या जुड्या मिळतात, त्या अशाच कोवळ्या मेथीच्या.

लसूण आणि कांदा. लसणाची बाहेरची जाड पाकळी घ्यावी, साल सोलू नये. टोक वर, मुळाची चकती खाली ठेवून तीन सेंटिमीटर खोल लावावी. महिन्याभरात पात कापता येते. गड्डा हवा असेल तर पात अजिबात कापू नये आणि चार-साडेचार महिने धीर धरावा. कोंब आलेल्या कांद्यापासून मात्र नवा कांदा मिळेल ही आशा सोडावी. तो आता फुलायच्या बेतात असतो, त्याला डेंगळेच (फुलांचे दांडेच) येतात. तोवर दोन-तीन वेळा पात मिळते, तेवढी घ्यावी.

बटाटा. ४० ते ५० ग्रॅमच्या, निदान दोन डोळे असलेल्या फोडी कराव्यात आणि दोन दिवस सावलीत सुकू द्याव्यात. ओली फोड लावली की ती सडते. गोणीची कड खाली दुमडून वीतभर मिश्रण भरावे, त्यात दोन फोडी लावाव्यात. झाड वीतभर वाढले की खोडाला भर लावावी आणि गोणीची कड वर घ्यावी. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, तो खाऊ नये. साधारण तीन महिन्यांनी पाने पिवळी पडली की काढणी करावी. कोकणपट्टीत रात्री पुरेशा थंड नसतात, तिथे पाला दाट आणि बटाटे गोट्यांएवढे निघतात. तिथे हा खटाटोप टाळावा. शेतकऱ्यांसाठी वेगळी सूचना: बाजारातला खाण्याचा बटाटा रोगमुक्त असल्याची खात्री नसते. बटाटा किंवा टोमॅटोच्या शेताजवळ तो लावू नये, करपा रोग तिथून पसरू शकतो.

पुदिन्याचे जाड, तपकिरी देठ निवडून खालची पाने काढावीत आणि ते पाण्यात ठेवावेत. एक दिवसाआड पाणी बदलले तर आठवड्यात मुळ्या येतात. लावावा मात्र स्वतंत्र कुंडीत, कारण तो शेजाऱ्याला जगू देत नाही. गाजर-मुळ्याच्या शेंड्यांना पाला फुटतो, गाजर येत नाही. संकरित टोमॅटोच्या बियांची झाडे मूळ फळासारखी निघतीलच असे नाही.

ओला कचरा थेट कुंडीत नको. ही सर्वांत मोठी चूक. कच्ची साले मातीत कुजताना चिलटे, मुंग्या येतात, कोवळ्या मुळांना इजा होते. भोके पाडलेल्या वीस लिटरच्या बादलीत एक भाग साले-देठ आणि दोन भाग सुका पाला असे थर द्यावेत, मध्ये मूठभर जुने खत टाकावे, तीन-चार दिवसांनी हलवावे. मीठ-तेलाचे उरलेले अन्न घालू नये. कुबट वास आला तर पाणी जास्त झाले, सुका पाला वाढवावा. नुसतेच कोरडे पडले तर पाणी शिंपडावे. थंडीत कुजणे मंदावते. आता भरलेली बादली संक्रांतीच्या सुमारास तयार होईल आणि ते खत फेब्रुवारीतल्या भेंडी-गवारीला उपयोगी पडेल.

ढगाळ हवेत कोथिंबिरीवर मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा. तरीही राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि २ मिलि द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, आणि पुढचे काही दिवस त्या क्रेटमधली जुडी कापू नये.