खोक्यासकट जपानी आरपीजी (रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम): घ्यायची कशी, सांभाळायची कशी

सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या जपानी कन्सोलचं कार्ट्रिज (गेम असलेली प्लास्टिकची डबी) ३० वर्षांनंतरही बहुधा चालतं. खराब होतं ते पुठ्ठ्याचं खोकं, आणि जादा पैसे आपण त्याचेच मोजतो. म्हणून फोटो मागताना सहाही बाजू, झाकणाच्या पाकळ्या आणि आतला ट्रे मागा. उन्हानं उडालेला रंग आधी पाठीच्या पट्टीवर दिसतो.

जपानी विक्रेत्यांच्या वर्णनात ‘हाकोसेत्सु’ असेल तर खोकं आणि माहितीपुस्तिका दोन्ही आहेत. ‘सोफुतो नोमी’ म्हणजे नुसतं कार्ट्रिज. ‘जंकु’ म्हणजे चालेल याची हमी नाही. आरपीजीसोबत पुष्कळदा घडीचा नकाशा असायचा. तो ‘हाकोसेत्सु’त धरलेला नसतो, वेगळा विचारा. लेबलावरचा एसएचव्हीसीनं सुरू होणारा कोड खोक्यावरच्या कोडशी जुळवा. बारीक अक्षरं भिंगाखाली ठिपक्यांची दिसली, तर खोकं नक्कल असण्याची शंका घ्या.

आता कार्ट्रिजमधला सेल. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या आरपीजी मालिकेचे फॅमिकॉमवरचे (सुपर फॅमिकॉमच्या आधीचा कन्सोल) पहिले दोन भाग (१९८६, १९८७) पासवर्डवर चालायचे, तिसऱ्यापासून (१९८८) सेव्हसाठी आत बॅटरी आली. सुपर फॅमिकॉमच्या कार्ट्रिजमध्ये ती बहुतेक वेळा सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल असते. गेम सेव्ह करा, कन्सोल बंद करा, दुसऱ्या दिवशी पाहा. सेव्ह गेलेला असेल तर ३.८ मिमीच्या खास बिटनं स्क्रू उघडा. सेलला पट्ट्या स्पॉट-वेल्ड केलेल्या असतात. सेलवर थेट डाग देऊ नका, उष्णतेनं लिथियम सेल फुटू शकतो. पट्ट्यांसकटच सेल आणा, धन-ऋण पाहून बोर्डावर डाग द्या. जुना सेल काढला की त्यातले सेव्ह जातात, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही आधी ठाऊक हवं.

कन्सोलचा जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात थेट लावला की जळतो. १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअरचा, मधली पिन ऋण असलेला अडॅप्टर घ्या.

खरी कसोटी मराठवाड्याच्या हवेची. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. गोंद सुकून कडा उकलतात. मग जुलैत दमट हवेनं पुठ्ठा फुगतो. माळा आणि पश्चिमेची भिंत टाळा, आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट बरं. प्रत्येक खोक्याला पारदर्शक पीईटी (पेट) प्लास्टिकचं कव्हर घाला. खोकी उभी ठेवा, थप्पी लावली की खालची दबतात. रबराच्या कडेचा, घट्ट झाकणाचा २० लिटरचा डबा असेल तर त्यात ५० ग्रॅम सिलिका जेल टाका, रंग बदलला की बदला.

कसर आणि वाळवीसाठी डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं, पुस्तिकेला वास कायमचा लागतो. कपाटाचे पाय भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला मागची बाजू टॉर्चनं पाहा. मातीची रेघ दिसली की खोकी आधी बाहेर काढा, औषध मग.

पार्सल दिवाळी ते होळीच्या दरम्यान येईल असं मागवा. तेव्हा वाटेत ना ऊन, ना पाऊस.