गावतळ्याच्या निधीसाठी प्रस्ताव करण्यापूर्वी

पावसाबरोबर तळ्यात वाहून येणारी घाण रोखण्यासाठी शासनाकडे निधी मागायचा असेल, तर तयारीला मे महिन्याच्या सुरुवातीलाच लागावे. आमचा मागचा प्रस्ताव त्रुटी काढून परत आला, कारण त्याला जोडलेले पाण्याचे अहवाल हिवाळ्यातले होते. शेतांतून आणि रस्त्यांवरून काय वाहून येते हे त्यांतून सिद्ध होत नव्हते, आणि चूक उमगली तेव्हा पावसाळा संपला होता. एक पूर्ण वर्ष गेले.

म्हणून पहिल्या वाहत्या पावसाचे नमुने घ्यावेत. वळिवाची पहिली सर बहुधा जमिनीतच जिरते. जिच्यानंतर ओढा खरोखर वाहू लागतो, ती सर आपल्याला हवी. उन्हाळाभर उकिरड्यांवर, गोठ्यांपुढे आणि रस्त्याकडेला साचलेले सगळे त्या पहिल्या लोंढ्यात तळ्यात उतरते, दुसऱ्या दिवशी गेलात तर ते निघून गेलेले असते. नमुना तळ्याच्या मध्यातून नको, प्रत्येक ओहोळाच्या मुखाशी वेगवेगळा घ्यावा. उसाच्या शेतांतून येणाऱ्या पाण्यात खतांचा नत्र आणि स्फुरद असतो, गावठाणाच्या गटारीतून मैला आणि साबण येतो, आणि दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

बाटल्या प्रयोगशाळेतून आधीच आणून ठेवाव्यात. जंतुतपासणीची बाटली निर्जंतुक असते, ती विसळायची नाही. फॉस्फेटची, म्हणजे स्फुरद तपासायची, बाटली घरच्या धुण्याच्या पावडरीने धुऊ नये, कारण पावडरीतलाच फॉस्फेट अहवालात उतरू शकतो. दोरी, बॅटरी आणि बर्फाची पेटी एकाच ठिकाणी असावी. चिठ्ठीवर ठिकाण आणि वेळ पेन्सिलीने लिहावी, कारण शाई ओल्या हातांनी पसरते. पाऊस रात्री दोन वाजता आला तर कोण जाणार, त्या दोघांची नावे आजच ठरवावीत. ‘बघू त्या वेळी’ असे म्हणून आम्ही हेच राहू दिले होते.

कागदपत्रांत सातबारा आधी पाहावा. तळे ग्रामपंचायतीच्या नावावर नसेल, तर ज्या खात्याचे आहे त्याची ना-हरकत लागते आणि तिला वेळ लागतो. ग्रामसभेच्या ठरावात देखभालीचा खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहावे.

निधी कोठून मागायचा, हे तळ्याच्या आकारावर आणि कामाच्या प्रकारावर ठरते. मोठ्या सरोवरांसाठी केंद्राची राष्ट्रीय जलीय परिसंस्था संवर्धन योजना आहे. सरोवरे आणि पाणथळ जागा यांच्या दोन जुन्या योजना एकत्र करून ती २०१३ मध्ये झाली, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा खर्च केंद्र व राज्य ६०:४० असा उचलतात. त्याहून लहान जलाशयांसाठी राज्य सरोवर संवर्धन योजना पाहावी. पाणलोटातील चर आणि नालाबांध रोजगार हमीतून होऊ शकतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित केली होती, त्यामुळे शोषखड्ड्यांसारखी कामे तिच्यात बसत होती. अशी कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसतील, तर पुढचे बोलूच नये.

अंदाजपत्रकात सुशोभीकरणाला पहिले स्थान देण्याचा आग्रह गावातूनच होईल. तो मानू नये. पायवाट आणि कारंजे केल्याने ओहोळातून येणारा नत्र थांबत नाही. तो थांबवायला बांधावर गवताचे पट्टे, मुखाशी गाळ अडवणारे खड्डे आणि गावठाणाचे सांडपाणी वळवणे हेच लागते. नुसता गाळ काढून तळे काही वर्षे खोल होईल, पण ओहोळ तसेच राहिले तर गाळ आणि जलपर्णी दोन्ही परत येतील. कोणत्या ओहोळावर किती खर्च करावा, हे ठरवायला पुन्हा तेच पावसाळी नमुने लागतात.

मग चालू दरसूची (कामांच्या सरकारी दरांची यादी) लावून अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता घ्यावी. कामाआधीची छायाचित्रे तारखेसह काढावीत. मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) वेळेवर पूर्ण करावे. काम झाल्यावरच्या पहिल्या पावसातही त्याच मुखांशी नमुने घ्यावेत. त्या नमुन्यांच्या बाटल्यांचा खर्च आताच अंदाजपत्रकात धरावा.