मधुमेहात घरची सायकल: खरा प्रश्न लोडचा

घरात एका जागी चालवायच्या व्यायामाच्या सायकलबद्दल लिहितो आहे. बंद बूट, सुती मोजे, पाणी आणि ग्लुकोमीटर हाताशी आहेत, डॉक्टरांना विचारले आहे, हे मी धरून चालतो. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल किंवा चालताना छातीत भरून येत असेल, तर त्यांच्याशी नीट बोलल्याशिवाय जोर लावू नका.

सीट: टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला नेले की पाय सरळ झाला पाहिजे.

वेळ: जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, साखर चढत असते तेव्हा. ‘पहाटे उपाशीपोटीच करा’ असे सरसकट सांगणाऱ्यांचे ऐकू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर ते अंगाशी येऊ शकते. अशांनी आधी साखर मोजावी आणि ९० च्या खाली असेल तर काही खाऊनच बसावे.

सुरुवातीला पाच मिनिटे हलके चालवा.

आता लोड, म्हणजे पेडल किती जड फिरते ते. मला सर्वांत जास्त वेळ इथेच लागला. मालिका बघत तासभर ढिल्या पेडलवर पाय फिरवणारे पुष्कळ दिसतात. बसून राहण्यापेक्षा ते बरे, पण मांड्यांना त्यात काम नाही. आणि सगळी मदार मांड्यांवरच आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत घेतो. शिवाय मधुमेहात वयाबरोबर स्नायू लवकर झिजतात, आणि त्यांना जोर द्यावा लागल्याशिवाय ते टिकत नाहीत.

म्हणून लोडचा नॉब थोडा थोडा घट्ट करत जा. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या टिकाव्यात, वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. तो तुमचा रोजचा लोड. शेजाऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. दोन-तीन आठवडे हे जमले की आठवड्यातून दोनदा मधे मधे एक मिनिट जड लोड आणि दोन मिनिटे हलका, असे चार वेळा करा. जड मिनिटात श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो. गुडघा दुखला तर लोड उतरवा आणि सीट तपासा.

जड लोडनंतर लगेच मोजलेली साखर कधी कधी वाढलेली दिसते. जोर लावताना यकृत साखर रक्तात सोडते, म्हणून. ती बहुधा तासा-दोन तासांत उतरते. घाबरून जादा गोळी घेऊ नका, कृपा करून.

हातपाय कापले, दरदरून घाम आला तर तिथेच थांबा आणि मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अशा वेळी बिस्किटे किंवा भाकरी नको, त्यांना वेळ लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर त्या रात्रीही उतरू शकते, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा मोजा.

आठवड्याला एकूण १५० मिनिटे पुरतात. पण सलग दोन दिवस खाडा नको, कारण व्यायामाचा साखरेवरचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो.

उतरल्यावर मोजे काढून तळवे बघा. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही.