कमान झकास, माणूस गायब: रस्त्यावर फोटो काढताना चौकटीच्या या चुका टाळा

मागच्या दिवाळीत हार्ड डिस्क साफ करायला बसलो, तर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे दोनेकशे फोटो निघाले. त्यातल्या बहुतेकांत दारातून जाणारा माणूस कोण, काय करतोय, कुणाकडे बघतोय, हे मलाच सांगता येईना. कमान मात्र प्रत्येकात सुरेख.

दार, खिडकी, फांदी, रिक्षाचा पडदा, दोन छत्र्यांमधली फट, यांच्या आत समोरच्या माणसाला बसवायचं ही युक्ती दहा मिनिटांत शिकता येते. म्हणून ती बिघडतेही लवकर. मी स्वतः केलेल्या आणि अजूनही अधूनमधून होणाऱ्या चुका सांगतो.

चौकट सापडली की फोटो झाला असं वाटणं

सगळ्या चुकांची आई हीच. चौकट मिळाली म्हणजे फक्त जागा धरून झाली, पाहुणा अजून यायचाय. पडद्यावर फोटो उघडा आणि कडेची कमान हाताने झाका. आत उरलेला तुकडा एकटा बघावासा वाटतो का? नसेल, तर तुम्ही वास्तूचा फोटो काढलाय, रस्त्याचा नाही. माझा ढोबळ हिशेब असा, की माणूस त्या मोकळ्या जागेच्या निदान एक तृतीयांश उंचीचा हवा. त्याहून लहान असेल तर दोन पावलं मागे जा किंवा तो जवळ येईपर्यंत थांबा. झूम करून भागत नाही, कारण कमान आणि माणूस दोघंही सारखेच मोठे होतात.

आणि चौकटीने काहीतरी सांगितलंही पाहिजे. पुण्याच्या मंडईत (१८८६ची ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत) केळीवाल्यांकडे घड टांगलेले असतात. दोन घडांमधून मागच्या गाळ्यावरची बाई दिसली, तर ती कुठे बसलीये हे फोटोच सांगतो. उगीच लेन्ससमोर धरलेलं धूसर पान यातलं काहीच सांगत नाही. ते पान मला आता अजिबात सहन होत नाही.

चेहरा काळा, मागचं सगळं पांढरंफटक

सर्वांत जास्त फोटो इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर. दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. आतून बाहेर बघत उभे राहिलात की कमान अंधारात आणि पटांगण उजेडात. कॅमेरा दोन्हीची सरासरी काढतो. चित्रात अंधारा दगड जास्त असेल तर तो उजेड वाढवतो आणि पटांगण पांढरं पडतं. पटांगण जास्त असेल तर उजेड कमी करतो आणि माणसाचं नाक-डोळे काही उरत नाही. कॅमेऱ्याचा दोष नाही, तुम्ही त्याला काय हवंय ते सांगितलेलं नाही.

म्हणून आधी ठरवा. काळी आकृतीच हवी असेल तर बाहेरच्या उजेडावर एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा याचं माप) घ्या आणि बिनधास्त काळं होऊ द्या. मग मात्र आकृती वाचता आली पाहिजे: माणूस बाजूने दिसावा, दोन पायांमध्ये फट असावी, हात अंगापासून सुटा असावा. समोरून येणारा, हात खिशात घातलेला माणूस म्हणजे नुसता खांब. दोन माणसं एकमेकांवर आली की त्यांचं चार पायांचं जनावर होतं.

चेहरा हवा असेल तर जागा बदला. बाहेर या आणि आत बघा. उंबरठ्यावर पोचलेल्या माणसाच्या तोंडावर आकाशाचा मऊ उजेड पडतो, मागे दाराचा अंधार राहतो. ना फ्लॅश, ना नंतरची खटपट. वाड्याची ओसरी, दुकानाचं शटर, चाळीचा जिना, सगळीकडे हे लागू पडतं. फोनवर काढत असाल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो, मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा.

फोकस जाळीवर, माणूस धूसर

ऑटोफोकसला जवळची वस्तू आवडते. गजाची खिडकी, मच्छरदाणी, बसची काच, काहीही चालतं त्याला. मोजके क्षण असतात आणि तेवढ्यात तो गज टिपून मोकळा होतो. उपाय जुनाच आहे: फोकस आधीच लावून ठेवा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स, एफ ८ (लेन्सचं छिद्र बरंच लहान) आणि फोकस ३ मीटरवर, एवढं केलं की साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नको. मंडईच्या आत तेवढ्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत चढवावा लागला तरी चढवा, दाणे दिसले म्हणून कुणी फोटो परत करत नाही.

फोनचा पोर्ट्रेट मोड (माणसाव्यतिरिक्त बाकीचं धूसर करणारा) इथे बंदच ठेवा. चौकटीच्या कडा कुठे संपतात हे त्याला कळत नाही, मग गज अर्धा धारदार आणि अर्धा विरघळलेला येतो.

बसच्या काचेतून काढताना स्वतःचंच प्रतिबिंब येतं. लेन्स काचेजवळ न्या, मोकळ्या हाताने वरून आडोसा करा. लेन्स काचेला टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते.

डोक्यातून खांब

चौकट पसारा झाकते असा गैरसमज आहे. ती कडेचा झाकते, मधला नाही. आत विजेचा खांब, फ्लेक्सवरचा हसरा नेता किंवा स्कूटरचं हँडल असेल तर तिकडेच नजर जाणार. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की बहुतेक वेळा सुटतं. डोकं आणि कमानीची कड यांत थोडी हवा ठेवा, चिकटली की डोकं दगडात रुतल्यासारखं दिसतं.

कॅमेरा डोळ्याला लावून वाट बघणं

असं उभं राहिलात की रस्ता तुम्हाला ओळखतो. लोक थांबतात, वाट देतात, केस नीट करतात. कॅन्डिड, म्हणजे नकळत टिपलेला फोटो, संपला. मंडईतल्या त्या केळ्यांच्या घडांसमोर मी तब्बल पाऊण तास असाच उभा होतो. शेवटी बाजूच्या मावशी म्हणाल्या, "फोटो काढायचाय, का कोथिंबीर घ्यायचीये? मधे उभं राहू नका." कोथिंबीर घेतली. त्या सुट्टे शोधायला वळल्या, मागची बाई कुणालातरी हाक मारायला वाकली, आणि कमरेपाशी धरलेल्या कॅमेऱ्यातून त्या दिवसाचा एकमेव धड फोटो निघाला. फोकस, शटर, उजेड आधीच लावलेलं होतं, म्हणून बोट दाबण्यापलीकडे काही करावं लागलं नाही.

चौकट वाचवायच्या नादात फोटो घालवणं

१९३२ साली फ्रेंच छायाचित्रकार आन्री कार्तिये-ब्रेसाँने पॅरिसमधल्या सेंट लाझार स्टेशनमागे फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून डबक्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. निगेटिव्हच्या डाव्या कडेला फळी आली होती. एरवी कापाकापीला नाक मुरडणाऱ्या या माणसाने ती कापून टाकली. आपण उलट करतो: क्षण उत्तम असतो, पण कमानीचा एक खांब कापला गेला म्हणून फोटो डिलीट. डिलीट करण्याआधी कमानच कापून बघा.

डोकावणं

पेठांमधल्या जुन्या वाड्यांची दारं उघडी असतात. आतल्या चौकात आजी तांदूळ निवडत बसलेल्या असतात, चौकट तयार, उजेड वरून, सगळं आयतं. पण तो चौक त्यांचं घर आहे, रस्ता नाही. मी दारातूनच विचारतो, "आजी, एक फोटो काढू का?" बऱ्याचदा त्या आधी पदर सारखा करतात आणि कॅन्डिडपणा तिथेच संपतो. मग मी पाच मिनिटं बसतो, पाणी पितो. त्या पुन्हा तांदळाकडे वळतात.