न्युदी करायच्या आधी: आईच्या साखरेला मानवेल अशी तयारी

न्योकी, म्हणजे उकळून करायचे इटालियन गोळे, म्हटलं की बटाटा आलाच, आणि साखर सांभाळणाऱ्या घरात अडचण तिथूनच सुरू होते. एक किलो बटाटा, त्यात पाव किलो मैदा, खाणारी पाच माणसं, असा हिशेब मांडला तर प्रत्येकाच्या ताटात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदकं येतात. शिवाय बटाटा कुस्करला की त्यातला स्टार्च आणखी लवकर पचतो. म्हणून आईसाठी मी बटाटा सोडून इटलीतल्या टस्कनीकडे वळले. सिएना आणि ग्रोसेत्तोच्या बाजूला पालक आणि रिकोत्ता चीजचे गोळे करतात, त्यांना न्युदी म्हणतात. न्युदी म्हणजे उघडे. राविओली या भरलेल्या पास्त्याचं सारण घ्यायचं आणि वरची पारी घालायचीच नाही. मोदकाचं नुसतं सारण वळून उकळावं, तसा हा प्रकार. कर्बोदकांचा मोठा वाटा पारीत असतो आणि इथे पारीच नाही.

तयारीत एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची, ती म्हणजे पाणी. सारण ओलं राहिलं की ते हाताला चिकटतं, म्हणून आपण मूठभर पीठ घालतो, मग आणखी मूठभर, आणि ज्यासाठी बटाटा सोडला तेच परत ताटात येतं. पहिल्या खेपेला माझं नेमकं हेच झालं होतं. पीठ वाढवायचं नाही असं ठरवलं होतं, पण चीज नीट निथळलं नव्हतं. उकळत्या पाण्यात सोडलेले गोळे बघता बघता विरघळले आणि पातेल्यात हिरवी पेज उरली. तेव्हापासून रविवारच्या जेवणाची तयारी मी शुक्रवारी रात्री सुरू करते.

शुक्रवारी दीड लिटर गाईचं दूध हवं आणि दोन-तीन चमचे लिंबाचा रस. खरा रिकोत्ता चीज करून उरलेल्या पाण्यापासून होतो. ते पाणी पुन्हा तापवतात, म्हणून नावाचा अर्थही ‘पुन्हा शिजवलेलं’ असा आहे. आपण घरी करतो तो ताजा छेनाच, पण या कामाला तो उत्तम चालतो. दूध उकळून फाडा, दहा मिनिटं तसंच ठेवा, मग मलमलच्या फडक्यात ओता. पनीरसारखा वर दगड ठेवू नका, नाहीतर घट्ट वडी होईल आणि गोळे रबरासारखे लागतील. फडक्याची पुरचुंडी गाळणीत ठेवायची, खाली वाडगं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी वाडग्यात साचलेलं पाणी बघितलं की कळतं, तेवढं सगळं पिठात जाणार होतं. त्या पाण्यात कणीक भिजवा, फेकू नका.

शनिवारी पालक. अर्धा किलो निवडलेली पानं धुवा आणि अंगच्या ओल्यावरच झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं बसू द्या, वेगळं पाणी घालायचं नाही. गार झाला की पिळायचा, आणि इथे घाई नको. आधी मुठीत धरून पिळा, मग बारीक चिरा, मग कोरड्या पंच्यात गुंडाळून दोन्ही टोकं उलटसुलट पिरगाळा. आधी हिरव्या पाण्याची धार लागते, मग थेंब, मग पंचा नुसता ओलसर होतो. गोळा हातात मोडून बघा. लगदा न होता तो भुसभुशीत तुटला तर झालं. अर्ध्या किलोचा जेमतेम मोसंबीएवढा गोळा उरतो.

आता वजनकाटा जवळ घ्या, अंदाजपंचे चालणार नाही. छेना २५० ग्रॅम तळहाताने मऊ मळून, पिळलेला पालक, एक अंडं, किसलेलं पार्मेजान चीज ४० ग्रॅम, अर्धं जायफळ किसून आणि बेसन ३० ग्रॅम. बेसन मंद आचेवर खमंग भाजून गार केलेलं असावं, कच्चा वास राहिला तर सगळं फसतं. बेसन ही आपली पळवाट आहे असं कुणी समजू नये. इटलीतही लिगुरियात फारिनाता आणि पालेर्मोत पानेल्ले हे पदार्थ हरभऱ्याच्या पिठाचेच करतात. मीठ चीजमध्ये असतंच, चव बघूनच घाला. शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावं की अस्सल पार्मेजानमध्ये, म्हणजे पार्मिजानो रेज्जानोत, दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं. वेष्टनावर हिरवा ठिपका असलेलं दुसरं कडक चीज घ्या. अंडं चालत नसेल तर छेना आणखी काही तास निथळू द्या, पण पीठ वाढवू नका.

ताटात १५० ग्रॅम बारीक रवा पसरा, अक्रोडाएवढे पंचवीसेक गोळे वळून त्यात घोळवा आणि फ्रीजमध्ये रात्रभर उघडे ठेवा. रवा ओल शोषून पातळ साल धरतो. दुसऱ्या दिवशी गोळे उचलून झटका आणि उरलेल्या रव्याचं वजन करा. माझ्याकडे १२५ ग्रॅम परत येतो, म्हणजे पोटात गेला २५. त्या हिशेबाने, तीन माणसं धरली तर माणशी सुमारे १७ ग्रॅम कर्बोदकं होतात. न्युदीचा ग्लायसेमिक इंडेक्स किती, म्हणजे ती रक्तातली साखर किती चढवते, असं विचारणाऱ्यांना मी त्याऐवजी हाच आकडा सांगते. इंडेक्सची मोजणी १९८१ साली टोरंटोत डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ती साधारणपणे ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढा पदार्थ खायला देऊन करतात, आणि तेवढ्यासाठी न्युदीचं अख्खं ताट एकट्याने संपवावं लागेल. इथे माणशी ग्रॅमच जास्त कामाचे.

एक गोष्ट स्वयंपाकघराबाहेरची, पण सगळ्यात आधी करायची. जेवणाआधी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर रोजच्या पोळी-भाताच्या जागी एवढं हलकं जेवण चालेल का आणि डोस काय ठेवायचा, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या. साखर खाली जाणं हे चढण्याइतकंच वाईट.

रविवारी पसरट पातेलं, भरपूर पाणी, मीठ आणि झारा. पाणी खळाखळा उकळू नये, नुसतं हलत राहावं. आधी एकच गोळा सोडून बघा. तो टिकला तर बाकीचे टाका, फुटला तर बाकीचे मोडून त्यात चमचाभर बेसन, त्याहून जास्त नाही. गोळे वर तरंगले की आणखी मिनिटभर थांबून काढा. सेज या सुवासिक पाल्याची पानं मिळाली तर थोड्या लोण्यात कुरकुरीत करून वर घाला. नाहीतर टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचा पातळसा सॉस पुरेसा आहे, साखर न घालता. सोबत ब्रेड ठेवू नका. टस्कनीचे लोक घेवड्याच्या दाण्यांवर जीव टाकतात, इतका की बाकीचे इटालियन त्यांना घेवडाखाऊच म्हणतात. पांढरा राजमा आदल्या रात्री भिजत घाला, रविवारी मऊ शिजवा आणि तेल-मिरपूड घालून बाजूला वाढा.

आई पहिल्यांदा ताटाकडे बघून म्हणाली, “एवढेच का गं? आठच?” आठ खाऊन, वर वाटीभर राजमा घेऊन तिने हात धुतले आणि नववा मागितला नाही. तिच्यासाठी ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीखही मी शनिवारीच बघून ठेवते, कारण पहिल्या घासानंतर दोन तासांनी बोट टोचायचं असतं आणि तेव्हा डबी रिकामी निघाली की चिडचिड होते. उरलेले कच्चे गोळे ताटात सुटे गोठवून डब्यात भरा. खाताना वितळू न देता थेट पाण्यात सोडा, दोन मिनिटं जास्त लागतात.