सी हॅरियरने शिकवलेले काम: विमान देखभालीत नव्याने येणाऱ्यांसाठी

विमान देखभालीचे शिक्षण घेणारी मुले भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: कोणत्या विमानावर हात बसवावा? माझी नौदलातील बहुतेक सेवा गोव्यात दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावर, सी हॅरियर या ब्रिटिश जम्प जेटच्या, म्हणजे जागेवरून सरळ वर उठू आणि सरळ खाली उतरू शकणाऱ्या लढाऊ विमानाच्या, इंजिनांवर झाली. डिसेंबर १९८३ मध्ये भारतात आलेले हे विमान मे २०१६ मध्ये निवृत्त झाले. त्यामुळे माझे उत्तर असे असते की, विमान कोणतेही मिळो, त्याची रचना तशी का आहे हे आधी समजून घ्यावे.

सी हॅरियर हे हॅरियर या विमानाचे नौदलासाठी केलेले रूप, आणि हॅरियरचे मूळ पी.११२७ या प्रायोगिक विमानात आहे. इंग्लंडमधील डन्सफोल्ड येथे ऑक्टोबर १९६० मध्ये बिल बेडफर्ड यांनी ते, दोरांनी जखडलेल्या अवस्थेत, प्रथम जमिनीवरून सरळ वर उचलले. पुढे विमानाचे भाग प्रामुख्याने किंग्स्टन येथे तयार होत, अंतिम जोडणी आणि उड्डाणचाचण्या डन्सफोल्डला होत आणि पेगॅसस इंजिन ब्रिस्टलहून येई. या इंजिनाला चार फिरती नोझल, म्हणजे हवा आणि वायू बाहेर सोडणारी तोंडे, असतात. पुढच्या दोहोंतून पंख्याची थंड हवा बाहेर पडते, तर मागच्या दोहोंतून तप्त वायू. विमान हवेत स्थिर असताना पंखांवरचे नेहमीचे नियंत्रण निरुपयोगी ठरते, म्हणून इंजिनातूनच घेतलेली दाबाची हवा नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांवरील छोट्या झडपांतून सोडून तोल सांभाळला जातो.

उड्डाण, तोल आणि उतरणे ही तिन्ही कामे एकाच इंजिनावर अवलंबून असल्याने ते विमानाच्या मध्यभागी, पंखाच्या खाली बसवलेले असते. परिणामी इंजिन बदलायचे म्हणजे आधी संपूर्ण पंख उचलून बाजूला ठेवायचा. हे काम मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी छाती दडपली होती. इंधन, हायड्रॉलिक आणि नियंत्रणाच्या जोडण्या एकेक सोडवायच्या, प्रत्येकीला खुणेची चिठ्ठी बांधायची, उघडी तोंडे झाकायची आणि सगळे पुन्हा त्याच क्रमाने जोडून तपासायचे. सुरुवातीच्या दिवसांत एक चिठ्ठी न बांधता मी स्मरणशक्तीवर विसंबलो आणि माझ्यामुळे ती संपूर्ण जोडणी पुन्हा तपासावी लागली. म्हणून नवोदितांना मी आग्रहाने सांगतो की, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या कामाखालीच सही करावी, मग समोर कितीही वरिष्ठ माणूस घाई करत असो.

दुसरा धडा गोव्याच्या उन्हाळ्याने दिला. हवा तापली की इंजिनाचा जोर घटतो. सरळ खाली उतरताना विमानाचे सगळे वजन त्याच जोरावर तोललेले असते. अशा वेळी इंजिनात पाणी फवारून जोर वाढवता येतो, पण विमानातले पाणी जेमतेम दीड मिनिट पुरते. म्हणजे कॉम्प्रेसरच्या (इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या) पात्यांवर बसलेल्या मिठामुळे कमी झालेला थोडासा जोरही, न वापरलेली क्षेपणास्त्रे घेऊन जहाजावर परत उतरता येईल की नाही, हे ठरवू शकतो. समुद्रावरून आलेल्या विमानाचे इंजिन धुणे हे कनिष्ठांवर ढकलण्याचे काम आहे असे ज्याला वाटते, त्याला हे विमान कळलेले नाही.

ब्रिटनने आपली सी हॅरियर २००६ मध्ये आणि उरलेली हॅरियर डिसेंबर २०१० मध्ये सेवेतून काढली. त्यानंतर ७२ विमाने अमेरिकेच्या मरीन कोअरने मुख्यतः सुट्या भागांसाठी विकत घेतली. उत्पादन थांबलेल्या विमानाचा प्रत्येक भाग किती मोलाचा ठरतो, हे यावरून ध्यानात यावे. दुरुस्तीची नोंद सविस्तर लिहिण्याची सवय म्हणूनच पहिल्या दिवसापासून लावावी.

११ मे २०१६ रोजी दाबोळीला निरोप समारंभ झाला आणि ३०० क्रमांकाच्या 'व्हाइट टायगर्स' स्क्वॉड्रनकडे मिग-२९के आले. दोन इंजिनांचे, रशियन पद्धतीचे हे विमान पूर्ण निराळे. तरीही गंज ओळखणारी नजर, हत्यारांची मोजदाद आणि नोंदींची शिस्त तशीच उपयोगी पडते.

गोव्याला आलात तर बोगमाळोच्या वाटेवरील नौदल विमान संग्रहालयातले सी हॅरियर अवश्य पाहावे. चारही नोझल साखळ्या आणि दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात, एकटे एक फिरू शकत नाही. विमानाच्या कुशीशी उभे राहून, एकच नोझल फिरले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.