एक्सेप्शन टेबलमधल्या या चुका टाळा: ट्रायच्या आत ट्राय आणि एकमेकांवर चढणाऱ्या रेंज

सोर्स कोडमध्ये ट्रायच्या आत ट्राय असला की आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे कंसांवरून लगेच कळतं. बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपायलर तयार करतो त्या कोडमध्ये, ते कंस उरत नाहीत, उरतं एक सपाट टेबल: कुठल्या भागात एक्सेप्शन आलं तर कुठे जायचं याचं. जावाच्या क्लास फाइलमध्ये त्याची प्रत्येक ओळ ८ बाइटची असते: रेंजची सुरुवात, रेंजचा शेवट, हँडलरचा (एक्सेप्शन पकडणाऱ्या कोडचा) पत्ता आणि पकडायचा टाइप, प्रत्येकी २ बाइट. टाइपच्या जागी ० असेल तर ‘काहीही आलं तरी पकड’. एक्सेप्शन आलं की जेव्हीएम (बाइटकोड चालवणारं जावाचं व्हर्च्युअल मशीन) हे टेबल वरून खाली वाचतं आणि जी पहिली ओळ जुळते तिच्या हँडलरवर जातं. कोण कोणाच्या आत आहे हे त्याला ठाऊक नसतं आणि ते तपासतही नाही. ती जबाबदारी सर्वस्वी कंपायलरची.

बाहेरची ओळ आधी लिहिणं

ट्राय दिसला की लगेच टेबलमध्ये ओळ टाकायची, ही पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. समजा, बाहेरची रेंज ०–२० आणि तिचा हँडलर ४० वर आहे. आतली रेंज ६–१२ आणि तिचा हँडलर ३० वर. ऑफसेट ८ वर, म्हणजे कोडच्या सुरुवातीपासून ८ बाइट पुढे, एक्सेप्शन आलं. बाहेरची ओळ वर असेल आणि तिचा टाइप जुळत असेल, तर नियंत्रण थेट ४० वर जातं. आतला कॅच कधीच चालत नाही. व्हेरिफायर (क्लासचा बाइटकोड तपासणारा भाग) काहीही बोलत नाही, क्लास व्यवस्थित लोड होतो.

उपाय सोपा आहे: ओळ ट्राय उघडताना नाही, बंद करताना लिहा. आतला ट्राय आधी बंद होतो, त्यामुळे त्याची ओळ आपोआप वर येते. एकाच ट्रायचे अनेक कॅच असतील तर ते सोर्समधल्या क्रमाने, आणि फायनलीची (काहीही झालं तरी चालणाऱ्या भागाची) ओळ त्या सगळ्यांच्या खाली. डॉटनेटच्या आयएलमध्येही (तिथल्या बाइटकोडमध्येही) आतलं क्लॉज, म्हणजे टेबलमधली नोंद, आधी यावं लागतं. तिथे अर्धवट एकमेकांवर चढणाऱ्या रेंज मुळातच चालत नाहीत.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट निसटते. आतला कॅच ३० ते ३६ मध्ये आहे, म्हणजे बाहेरच्या ०–२० या रेंजच्या पलीकडे. कॅचचा कोड मेथडच्या शेवटी हलवणाऱ्या कंपायलरमध्ये हे हमखास होतं. त्या कॅचमध्ये नवं एक्सेप्शन आलं तर ते बाहेरच्या हँडलरकडे जायला हवं, पण टेबलमध्ये तशी ओळच नसते. एका ट्रायची एकच रेंज, ही समजूत डोक्यातून काढा. डेटा स्ट्रक्चरमध्ये प्रत्येक ट्रायसाठी रेंजची यादी ठेवा. इथे ती ०–२० आणि ३०–३६ अशी होईल.

फायनलीच्या कॉपी रेंजमध्येच राहणं

वेळ खरा इथे द्यावा. पूर्वी फायनलीचा कोड एकदाच लिहून जेएसआर आणि रेट या इन्स्ट्रक्शननी तिथे जाऊन परत येता येत असे. क्लास फाइलच्या ५१ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जावा ७ पासून, त्यांना बंदी आहे. त्यामुळे ट्रायमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर फायनलीची वेगळी कॉपी टाकावी लागते.

ट्रायची बॉडी ०–४० धरा आणि तिच्या मध्येच रिटर्न आहे. ऑफसेट १० वर रिटर्नची किंमत लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवली, ११ पासून फायनलीची कॉपी, १८ वर किंमत परत स्टॅकवर, १९ वर रिटर्न, आणि २० पासून उरलेली बॉडी. इथे ०–४० अशी सलग ओळ लिहिली तर फायनलीच्या कॉपीत आलेलं एक्सेप्शन त्याच फायनलीच्या हँडलरवर जातं आणि फायनली दुसऱ्यांदा चालतं. फाइल दोनदा बंद होते, काउंटर दोनदा कमी होतो. बरोबर ओळी ०–११ आणि २०–४०. मधली ११–२० ही फट सोडायची. शेवटचा ऑफसेट रेंजमध्ये धरला जात नाही, म्हणून ११ लिहिलं की १० वरची इन्स्ट्रक्शन सुरक्षित राहते. जावाक हा जावाचा कंपायलरसुद्धा कोड तयार करताना अशा फटींची यादी ठेवतो. ही चूक टेस्टमध्ये सहसा सापडत नाही, कारण ती दिसायला खुद्द फायनलीमध्ये एक्सेप्शन यावं लागतं.

रिटर्न दोन फायनली ओलांडत असेल तर आतल्या फायनलीची कॉपी आतल्या रेंजच्या बाहेर, पण बाहेरच्या रेंजच्या आत असते. बाहेरच्याची कॉपी दोन्हींच्या बाहेर. म्हणजे फटी एकदम नाही, एकेक पायरीने उघडतात. कॉपी तयार करताना कंपायलरच्या संदर्भ-स्टॅकवरून (सध्या उघड्या असलेल्या ट्रायच्या यादीतून) तो ट्राय तात्पुरता काढून ठेवा. नाहीतर फायनलीतच रिटर्न असला की त्या रिटर्नसाठी पुन्हा तीच कॉपी, तिच्यात पुन्हा तोच रिटर्न, आणि कंपायलर अनंत रिकर्शनमध्ये अडकतो.

एका बाइटची चूक

तुमचं स्वतःचं व्हीएम असेल तर हे बघाच. कॉल करताना साठवलेला पत्ता हा कॉलनंतरच्या इन्स्ट्रक्शनचा असतो. कॉल रेंजमधली शेवटची इन्स्ट्रक्शन असेल तर तो पत्ता रेंजच्या बाहेर पडतो आणि हँडलर सापडत नाही. टेबलमध्ये शोधताना त्यातून १ वजा करा. तसंच, टेबलमध्ये शेवटपर्यंत आकडे न ठेवता लेबलच (कोडमधल्या जागेला दिलेलं नाव) ठेवा. लांबची उडी मोठ्या इन्स्ट्रक्शनमध्ये बदलली की पुढचे सगळे ऑफसेट सरकतात.

ऑप्टिमायझरने आतला कोड काढून टाकला आणि सुरुवात व शेवट एकच झाले, तर ती ओळ गाळा. जेव्हीएम अशी रिकामी रेंज स्वीकारत नाही.

स्टॅकवर काय होतं ते विसरणं

जेव्हीएममध्ये हँडलरवर जाताना ऑपरंड स्टॅक (हिशोबातल्या मधल्या किमती ठेवायची जागा) रिकामा होतो आणि त्यावर फक्त एक्सेप्शन उरतं. ट्राय हे स्टेटमेंट असेल तोवर अडत नाही. कोटलिनसारखा ट्राय हा एक्सप्रेशन असेल, तर फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट स्टॅकवर चढवून झालेला असतो आणि दुसऱ्या आर्ग्युमेंटच्या जागी ट्राय येतो. हँडलरवर गेल्यावर तो पहिला आर्ग्युमेंट नाहीसा. म्हणून ट्रायच्या आधी स्टॅकवरच्या किमती लोकलमध्ये उतरवून घ्या. पायथॉन ३.११ ने वेगळा मार्ग घेतला: टेबलच्या प्रत्येक नोंदीतच स्टॅकची खोली लिहिलेली असते आणि तेवढाच स्टॅक ठेवून बाकीचा काढला जातो.

जेव्हीएमचं टेबल जसंच्या तसं दुसरीकडे नेणं

डाल्विकच्या (अँड्रॉइडच्या मूळ व्हीएमच्या) डेक्स फाइलमध्ये ट्रायच्या रेंज चढत्या क्रमाने लागतात आणि एकमेकींवर चढलेल्या चालत नाहीत. त्यामुळे टेबल सपाट करावं लागतं. सगळ्या सुरुवाती आणि शेवट एका यादीत घ्या, क्रम लावा, दोन लागोपाठच्या सीमांमधल्या प्रत्येक तुकड्याला लागू पडणारे हँडलर मूळ क्रमाने जमवा, ‘काहीही पकड’ आलं की तिथे थांबा, आणि शेजारच्या तुकड्यांची हँडलर-यादी तंतोतंत सारखी असेल तर ते जोडा. पायथॉनमध्ये प्रत्येक तुकड्याला एकच हँडलर मिळतो, सगळ्यात आतला. बाहेरच्यापर्यंत एक्सेप्शन पोचतं ते आतल्या हँडलरमधून पुन्हा फेकलं गेल्यावर, म्हणून हँडलरच्या कोडवर बाहेरच्याची नोंद नसेल तर साखळी तिथेच तुटते.

तपासणीसाठी मला एकच पद्धत भरवशाची वाटते. प्रत्येक इन्स्ट्रक्शनसाठी सिंटॅक्स ट्रीवरून (सोर्स कोडच्या रचनेच्या झाडावरून) अपेक्षित हँडलरची यादी काढा, तीच यादी तयार टेबलवरून काढा, आणि दोन्ही जुळवून पाहा. डोळ्यांनी बघायचं तर जावासाठी जावापी आणि पायथॉनसाठी डिस ही साधनं हे टेबल छापून देतात. जावाकने बनवलेल्या क्लासवर ही तपासणी चालवली तर सिंक्रोनाइज्ड ब्लॉकपाशी (लॉक घेऊन चालणाऱ्या कोडपाशी) एक ओळ खटकेल: हँडलर स्वतःच्याच रेंजमध्ये असतो. ती चूक समजून काढू नका. लॉक सुटायच्या आधी हँडलरमध्येच एक्सेप्शन आलं, तर पुन्हा त्याच हँडलरवर येऊन लॉक सोडायचा प्रयत्न व्हावा म्हणून ती मुद्दाम ठेवलेली आहे.